युनिस मावशीच्या वाफ्यातले बटाटे

आमच्या जमातीच्या समुद्रकाठच्या गावात, नीआ बेला, हिवाळ्यात जमीन गोठत नाही, नुसती भिजत राहते. त्यामुळे बटाटे काढून घरात साठवण्याची पद्धत इथे नाही. ते जमिनीतच असतात, समुद्रावरून येणाऱ्या पावसाखाली. ज्या दिवशी खायचे त्या दिवशी लागतील तेवढे उकरायचे आणि ज्या खड्ड्यातून काढले त्या खड्ड्यात त्यातलाच एक परत ठेवून माती लोटायची. हे तिथल्या तिथे करायचं असतं, पुढचा खड्डा उकरण्याआधी. मग वाफा वर्षानुवर्षं आपला आपण चालू राहतो.

युनिस मावशीने हे नोरीनला पुन्हा एकदा सांगितलं ते स्ट्रेचरवरून. शरद संपत आला होता, मागच्या पायरीवरून घसरून मावशीचा खुबा मोडला होता आणि तिला पोर्ट एंजलिसच्या इस्पितळात नेत होते.

"पाहिजे तेवढे खा. पण प्रत्येक खड्ड्यात एक परत ठेव. ऐकतेस ना?"

"ऐकते आहे, मावशी. तू पाय हलवू नकोस."

"पायाचं डॉक्टर बघतील. तू बटाट्यांचं बघ."

स्ट्रेचर उचलणारे दोघे हसले. मावशी हसली नाही.

वाफा तसा लहानच होता, घराच्या मागे, सामन मासे धुरवायच्या खोपटापर्यंत गेलेला. पण त्यातले बटाटे मावशीच्या आजीचे होते. मुलांना शाळेत घालण्यासाठी ओझेट हे जुनं गाव सोडून सगळे इकडे आले, तेव्हा आजीने ते होडीतून टोपलीत घालून आणले होते. बोटासारखे लांब, गाठीगाठींचे, पातळ सालीचे आणि आत पिवळे. गावात तशाच जातीचे बटाटे आणखी चार घरांकडे आहेत, पण प्रत्येक घर आपल्या बटाट्याला वेगळा समजतं, आणि मावशी तर फारच वेगळा समजे.

नोरीन मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती बेलिंगहॅमला जीवशास्त्र शिकली आणि परत येऊन जमातीच्या मासेमारी ऑफिसात लागली. वसंतात नदीतून समुद्राकडे निघालेली सामनची पिल्लं मोजणं आणि अंड्यांच्या जागची वाळू चाळून तपासणं हे तिचं काम. आई लवकर गेली. वडील लॉइड मागच्या जानेवारीत गेले. वर्ष झालं की आमच्याकडे हॉलमध्ये मोठं जेवण घालतात, सगळ्या गावाला.

लॉइड म्हणायचे, "बटाटे म्हणजे युनिसचे. बाकीचे पोट भरायला."

त्यामुळे जेवणाला काय करायचं याचा विचार नोरीनला करावाच लागला नाही. मावशीला फोन करून विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण मावशीला नुकतीच दुसरी शस्त्रक्रिया झाली होती, फोनवर ती अर्धवट झोपेत बोलायची, आणि पाहिजे तेवढे खा असं तिने सांगितलेलंच होतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी नोरीन फावडं घेऊन वाफ्यात गेली. पहिल्या काही खड्ड्यांत तिने नियम पाळला. मग तिला दिसू लागलं की वाफा गचाळ झाला आहे. एकावर एक वाढलेले बटाटे, काही गोगलगायींनी पोखरलेले, काही कुजून लगद्यासारखे झालेले, आणि कुजक्यांना चिकटून चांगले. कितीतरी वर्षं कोणी इथे निवड केली नव्हती. तिला वाटलं, हे एकदा नीट करावं. सगळे काढावेत, खायचे वेगळे, बियाण्याचे वेगळे, माती महिना-दोन महिने मोकळी ठेवावी आणि मार्चमध्ये चांगले निवडून पुन्हा लावावेत. मावशी परत येईल तेव्हा वाफा बघून खूश होईल. विचारात चूक नव्हती. कोणत्याही पुस्तकात तेच लिहिलेलं असतं.

तिने ऑफिसची वाळू चाळायची मोठी चाळणी आणली आणि वाफ्याची माती एका टोकापासून चाळत गेली. जे काही काम करायचं ते शेवटपर्यंत, अशी तिची सवय. पहिल्या खड्ड्यांत परत ठेवलेलेही तिने उकरून काढले. खायचे बटाटे तीन पोत्यांत गेले, कुजके आणि पोखरलेले समुद्रात. बियाण्यासाठी तिने हाताएवढ्या अंतरावर धरून एकेक पाहिला. रोग नसलेले, डोळे चांगले असलेले, मध्यम आकाराचे तेवढे झाकणाच्या पांढऱ्या बादलीत ठेवले. दुपार होत आली होती. ओल्या कपड्यांनीच ती सगळं ट्रकमध्ये टाकून हॉलकडे निघाली. बादली वाटेत घरी उतरवून मग जावं असं ठरवलं होतं, पण उशीर झाला होता.

हॉलच्या स्वयंपाकघरावर तिची चुलत बहीण मर्ना हिचं राज्य. तिथे एक पद्धत आहे: दारात गाडी थांबली की जे असेल ते आत घ्यायचं आणि शिजवायचं. कोणाचं, कशासाठी, हे विचारत बसलं तर तीनशे माणसं उपाशी राहतील.

"आली बाई एकदाची! अगं, तू काय बटाट्यांबरोबर स्वतःलाही पुरून घेतलं होतंस का?" मर्ना म्हणाली. "जा, तोंड धू. वडिलांच्या जेवणाला आलीस का खड्डे खणायला?"

नोरीन तोंड धुवायला गेली. मग पाहुणे येऊ लागले, प्रत्येकाला मिठी मारायची होती, प्रत्येकाला लॉइडची एखादी गोष्ट सांगायची होती. जेवण सुरू झालं. हॅलिबट माशाचं कालवण, धुरवलेला सामन, घरचा जाड पाव, आणि बटाटे. मोठे बटाटे परातींत होतेच, पण मुख्य टेबलावर मर्नाने एक वेगळं भांडं आणून ठेवलं. एकसारखे, मध्यम, सालीसकट उकडलेले.

"हे घरच्यांसाठी. काय निवडलेत गं! एकाला डाग नाही."

नोरीनने ते सीलच्या तेलात बुडवून खाल्ले. तिला वर्षभरात काही इतकं चवीचं लागलं नव्हतं. वडिलांचा धाकटा भाऊ डोळे पुसत म्हणाला, लॉइड असता तर भांडं पुढ्यात ओढून बसला असता. ती हसली आणि तिने पुन्हा वाढून घेतलं.

भांडी घासायच्या वेळी ती ट्रककडे गेली आणि परत आली.

"मर्ना, झाकणाची बादली कुठाय?"

"धुऊन पालथी घातलीये तिथे. रिकाम्या बादलीची एवढी काय घाई?"

"त्यातले बटाटे?"

"तूच दोनदा वाढून घेतलेस की." मर्नाने वर बघितलं. "का? काय झालं?"

नोरीन म्हणाली, "काही नाही."

त्या घरच्या भांड्यात आता तळाशी साली होत्या आणि थोडं तेल. तिने त्यात हात घालून पाहिलं. उकडलेल्या बटाट्याला कोंब येत नाही हे तिला माहीत होतं, तरी पाहिलं.

मर्नाला सांगितलं असतं तर मर्ना तिथेच रडत बसली असती, वडिलांच्या जेवणात. त्या दिवशी न सांगण्याचं हे कारण होतं. दुसऱ्या दिवशी ते कारण राहिलं नव्हतं आणि नोरीनने तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाफ्यात गेली. बटाट्याचा वाफा कधी पूर्ण रिकामा होत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. कितीही खणा, कुठेतरी एखादा सुटतोच आणि उन्हाळ्यात वर येतो. तिने पुन्हा सगळी माती उलथली, कडेच्या दगडांखाली हात घातला, खोपटाच्या भिंतीखाली खणलं. काही नव्हतं. दुसरं कोणी असतं तर निष्काळजीपणामुळे निदान पाचपन्नास मागे राहिले असते. मातीची एकेक मूठ चाळणारी ती होती.

घरी परतताना तिने कोणाकोणाला मावशीने बटाटे दिले होते ते आठवून पाहिलं. मावशी खायला सगळ्यांना देई, लावायला कोणालाच देत नसे.

फेब्रुवारीत ती मावशीला भेटायला गेली. मावशीला आता चालायला शिकवणाऱ्या केंद्रात हलवलं होतं. ती खिडकीशी चालायची चौकटीची काठी, वॉकर, धरून बसली होती, बारीक झाली होती.

"बटाटे कसे आहेत?" हे तिचं पहिलं वाक्य.

"ठीक आहेत."

"कुजत नाहीयेत ना? यंदा पाऊस फार."

"नाही. ठीक आहेत."

"परत ठेवतेस ना?"

नोरीनने मान हलवली. तोंडाने खोटं बोलण्यापेक्षा ते कमी वाटलं, आणि लगेच तसंही वाटेनासं झालं.

मावशीने तिला जवळ बसवून घेतलं. तिच्याजवळ बातमी होती. तिची नात शॉना टॅकोमा शहर सोडून तान्ह्या मुलीला घेऊन कायमची गावी येत होती. मावशीने ठरवलं होतं की मार्चअखेर घरी गेल्यावर हॉलमध्ये समारंभ करायचा. बाळाला मावशीच्या आजीचं नाव द्यायचं आणि शॉनाला वाफ्यातलं बियाणं.

"आतापर्यंत कोणाला दिलं नाही. मला वाटायचं, कोण सांभाळणार? आता ही येते आहे तर वाटतं द्यावं. मी पडले तेव्हा पायरीवर बसल्या बसल्या पहिला विचार तोच आला होता. मी मेले तर बटाट्यांचं काय."

"तू कुठे मरतेस एवढ्यात."

"तेच म्हणते. म्हणून जिवंतपणी देते. आणि तू साक्षीला."

आमच्यात समारंभात जे दिलं जातं आणि जे बोललं जातं ते लिहून ठेवत नाहीत. साक्षीदाराला नावाने पुढे बोलावतात, सगळ्यांसमोर त्याच्या हातात काहीतरी देतात, टॉवेल म्हणा, घोंगडी म्हणा, आणि मग ते लक्षात ठेवणं त्याचं काम. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, तर त्याने उभं राहून सांगायचं असतं की हे मी पाहिलं, हे असं झालं.

"मला कशाला? मोठं कोणीतरी घे," नोरीन म्हणाली.

"मोठे मरतात. तू पुष्कळ दिवस टिकशील. आणि यंदा वाफा कोणी सांभाळला? तूच ना?" मावशीने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "शिकलेली आहेस, जे बघशील ते तसंच सांगशील."

परतीच्या सगळ्या वाटेवर, समुद्राच्या कडेने वळणं घेत, नोरीन मावशीला खरं सांगायची वाक्यं स्वतःशी जुळवत होती. गावात शिरेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. त्याऐवजी तिला विल्मर काका आठवले.

विल्मर काकांचा वाफा सू-येस नदीच्या बाजूला. म्हातारे एकटे राहतात आणि मावशीशी त्यांचं लहानपणापासूनचं भांडण आहे, ते कशावरून हे दोघांनाही आठवत नाही. ते पावसात टोपी घालून कुंपण ठीक करत होते.

"काका, मला थोडे बटाटे हवेत. लावायला."

"तुझ्या मावशीकडे आहेत की, राजघराण्यातले."

"मावशीसाठीच हवेत."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "युनिसला? माझे? अगं, चाळीस वर्षं ती गावभर सांगते आहे की माझ्या बटाट्यांना खाडीच्या चिखलाचा वास येतो!"

नोरीनने सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगितल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. विल्मर काका आधी मोठ्याने हसले, मांडीवर थाप मारून.

"म्हणजे ती हॉलमध्ये उभी राहून माझे बटाटे तिच्या आजीचे म्हणून सांगणार? आणि मी पहिल्या रांगेत? देतो बाई, बादली भरून देतो! असा मजेचा दिवस पुन्हा यायचा नाही."

"काका, कोणाला सांगू नका."

"सांगेन कशाला? सांगितलं तर मजा..." तिच्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. मग काही न बोलता फावडं घेऊन वाफ्यात गेले. खणत असताना ते हवेबद्दल, मुलाच्या बोटीबद्दल बोलत राहिले आणि प्रत्येक खड्ड्यात एक बटाटा टाकून बुटाने माती लोटत राहिले, बघतही नव्हते तिकडे.

बादली देताना म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या जेवणात मीही ते खाल्ले. छान होते. युनिसला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून."

मावशी घरी यायच्या आधीच्या आठवड्यात नोरीनने ते पुरले. मातीत आधी कुजलेली पानं मिसळली, म्हणजे ती चाळलेली वाटणार नाही. बटाटे सरळ ओळीत येऊ नयेत म्हणून ती मुद्दाम वेडंवाकडं चालली. खोली कमीजास्त ठेवली. निघू लागलेले कोंब मोडू नयेत म्हणून हातमोजे काढले. वरून गवताचा जुना काडीकचरा पसरला, खोपटाकडच्या कोपऱ्यात थोडं शेवाळ लावलं. काम झाल्यावर ती लांब उभी राहून बघत होती. कोणालाही कळलं नसतं. नदीतले माणसाने केलेले बदल ओळखण्यासाठी तिला पगार मिळत होता आणि तिला स्वतःलाही कळलं नसतं. ती खोपटाला टेकून बसून राहिली.

मावशी आली त्याच दुपारी तिला वाफा बघायचा होता. शॉनाने खुर्ची मागे नेऊन ठेवली, मांडीवर बाळ दिलं. मावशीने बोटाने जागा दाखवली.

"तिथे खण. हळू. फावडं उभं घालू नकोस, बाजूने घाल. हं!"

शॉनाने एक काढला. मावशीने तो हातात घेतला, अंगठ्याने माती पुसली, नाकाशी धरला.

"हा बघ," मावशी बाळाला म्हणाली. "तुझ्या आजीच्या आजीच्या आईचा. की आणखी एक आजी? नोरीन, तू हिशोब कर. तुला येतं."

"आजी, हे एकेकटेच का निघतायत?" शॉनाने विचारलं. "टोपलीभर निघतात म्हणालीस ना?"

"म्हातारे झालेत. माझ्यासारखे. सगळे सोबती गेले." मावशी स्वतःच्या विनोदावर हसली. "आता त्यातला एक परत ठेव. खायचं नंतर, आधी परत ठेवायचं. तुझ्या मावशीला विचार, तिने अख्खा हिवाळा केलंय."

शॉनाने वर बघितलं, बारीक पावसात हसऱ्या तोंडाने. "असा? का कोंब वर?"

"कोंब वर," नोरीन म्हणाली.

शॉना खणत गेली, ठेवत गेली, प्रत्येक वेळी विचारल्यासारखं नोरीनकडे बघत. संध्याकाळी मावशीने मूठभर उकडायला लावले. एक फोडला, तेलात बुडवला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले.

"दवाखान्यात पिठासारखा पांढरा बटाटा द्यायचे. मी हीच चव आठवत पडून राहायची." मग डोळे उघडून म्हणाली, "तू का खात नाहीस?"

"भूक नाही, मावशी."

"खा गं. तूच सांभाळलेत."

नोरीनने खाल्ला.

समारंभाच्या दिवशी सकाळी ती मावशीला तयार करायला गेली. शॉना बाळाला घेऊन हॉल सजवायला गेली होती. बियाणं टेबलावर होतं, मावशीने सीडर झाडाच्या सालीची स्वतः विणलेल्या टोपलीत. मावशी आरशासमोर बसून भाषणाची तालीम करत होती.

"ऐक, नीट होतंय का. माझी आजी हे ओझेटहून होडीतून घेऊन आली. तिने ते माझ्या आईला दिले, आईने मला. मध्ये एकही हिवाळा चुकला नाही. यंदा मी पडले, तर माझ्या बहिणीच्या मुलीने सांभाळले. म्हणून ती साक्षीदार. मग तू पुढे ये. पळत येऊ नकोस, सावकाश ये."

"मावशी."

"केस नीट कर आधी माझे."

"मावशी, ते तुझे नाहीत."

"काय माझे नाहीत? केस?"

"बटाटे."

मावशी आरशातून तिच्याकडे बघत राहिली. नोरीनच्या हातात फणी होती. तिने ती खाली ठेवली आणि सांगितलं. चाळणी, बादली, मर्नाचं भांडं, विल्मर काका, शेवाळ. काही गाळलं नाही. सांगताना आवाज ऑफिसात अहवाल वाचताना असतो तसा निघत होता आणि तो बदलता येत नव्हता.

"विल्मरचे," मावशी म्हणाली.

"हो."

"मी विल्मरचा बटाटा खाऊन डोळे मिटले?"

"हो, मावशी."

मावशीच्या तोंडाचा कोपरा क्षणभर हलला. ती हसणार की काय असं नोरीनला वाटलं. ती हसली नाही.

"आणि माझे सगळे? एकही परत ठेवला नाहीस?"

"मार्चमध्ये ठेवणार होते. निवडून."

"नंतर."

"हो. नंतर."

मावशीने टोपली जवळ ओढून घेतली. बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता.

"लॉइडच्या जेवणाला मागितले असतेस तर मी सगळे दिले असते. त्याच्या पोटात गेले, गावाच्या पोटात गेले, त्याचं मला काही नाही. पण तू माझ्या पलंगाशी बसून ठीक आहेत म्हणालीस. त्याचं काय करू? आणि परवा ती पोर माझ्या मातीत एकेक ठेवत होती, दर वेळी तुझ्याकडे बघत होती. तू तिला म्हणालीस कोंब वर."



"मी आज येत नाही," नोरीन म्हणाली. "साक्षीला दुसऱ्या कोणाला घे. मर्नाला घे."

"माझे केस राहिलेत," मावशी म्हणाली. "केस कर. आणि साक्षीला तूच."

हॉल भरला होता. बाळाला नाव दिलं गेलं, ढोल वाजले, म्हाताऱ्या बायका नाचल्या. मग मावशी चौकटीच्या काठीचा आधार घेत उभी राहिली आणि शॉनाने टोपली उचलून धरली. विल्मर काका पहिल्या रांगेत होते, नवा शर्ट घालून, हात पोटावर बांधून, चेहरा अगदी गंभीर करून.

"हे बटाटे," मावशी म्हणाली, "सू-येसकडच्या विल्मरच्या घरचे आहेत."

विल्मर काकांचे हात सुटले.

"त्याने दिले, मागितल्यावर, काही न मागता. त्याचे आभार. चांगले आहेत. मी खाल्ले आहेत." कोणीतरी हसलं, मग थांबलं. "माझ्या आजीचे या हिवाळ्यात संपले. शॉना, मी तुला हे देते आहे आणि ज्याचे आहेत त्याचं नाव घेऊन देते आहे. साक्षीदार माझ्या बहिणीची मुलगी, नोरीन."

एवढंच. कसे संपले ते ती बोलली नाही. नोरीन चालत पुढे गेली. मावशीने माइक तिच्याकडे दिला आणि दुसरीकडे बघू लागली. साक्षीदार 'मी पाहिलं' एवढंच म्हणून बसू शकतो. बहुतेक तेवढंच म्हणतात.

"मी पाहिलं," नोरीन म्हणाली. मग पुढे म्हणाली, "मी सगळे खणले. एकही परत ठेवला नाही. बाबांच्या जेवणात आपण ते खाल्ले. मी मावशीला खोटं सांगितलं, आणि हे आणून तिच्या वाफ्यात पुरले, तिचे वाटावेत म्हणून. स्वयंपाकघराची काही चूक नव्हती."

स्वयंपाकघराच्या दारात मर्ना उभी होती. तिने हातातली परात सावकाश जवळच्या टेबलावर ठेवली.

मावशीने घोंगडी पुढे केली, लाल काठाची, चांगली जाड. नोरीनचे हात वर येईनात.

"घे," मावशी हळू आवाजात म्हणाली. "हे घेतल्याशिवाय साक्ष होत नाही. घे म्हणते ना."

तिने घेतली.

जेवताना कोणी तिला दोष दिला नाही. शेजारच्या बाईने सरकून जागा करून दिली, पाव पुढे केला, स्वतःच्या नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. मर्ना एकदा येऊन मागे उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला, मग रडायला लागली आणि परत आत गेली. मावशी लांबच्या टेबलावर विल्मर काकांशी भांडत होती. बटाट्यांना खरंच चिखलाचा वास येतो, असं ती म्हणत असावी. तिने इकडे पाहिलं नाही.

शॉना बाळाला खांद्यावर घेऊन आली आणि समोर बसली. ती रागावलेली दिसत नव्हती. ती काहीतरी नीट समजून घेत असल्यासारखी दिसत होती.

"म्हणजे मी वाफ्यात ठेवले ते विल्मर आजोबांचे."

"हो."

"आणि उद्या हिने विचारलं, आपल्या आजीचे कुठे गेले, तर?"

"तर तिला माझ्याकडे पाठव. मी सांगेन."

"आणि तू नसलीस तर?"

नोरीनने हॉलभर नजर फिरवली. म्हातारे होते, मासेमारीवरून परस्पर आलेले होते, टेबलांखाली पळापळी करणारी लहान मुलं होती. सगळे जेवत होते.

"यातल्या कोणालाही विचारू दे," ती म्हणाली.